फोटोभाऊंनी काढलेला सूर्य

सूर्य शांत आहे असं मी एकदा लिहून दिलं होतं. लाल शाईने, तारीख घालून, खाली सही करून. चांगल्या दोन वह्या भरल्या होत्या. सूर्य शांत नव्हता.

तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते, म्हणजे तशी कोवळीच. आपण फार हुशार आहोत असं माणसाला ज्या वयात वाटतं, ते वय माझ्याकडे जरा उशिरा आलं आणि आल्यावर बराच मुक्काम करून राहिलं. तळेगावच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. सातवीचं एकच पुस्तक. कव्हरं तेवढी बदलत गेली. पण त्या पुस्तकातलं मला सगळं येतं, आणि जगात त्यापलीकडे फारसं काही नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

माझ्या त्या सहीने ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे. मध्ये मध्ये मी स्वतःला घुसवीन. ती सवय जात नाही.

त्यांचं नाव अमीन मुलाणी. पण वराळ्यात आणि आजूबाजूच्या गावांत त्यांना सगळे फोटोभाऊ म्हणत. आमच्याकडे एक्स-रेला फोटो म्हणतात. ‘छातीचा फोटो काढून आणा’ असं डॉक्टर सांगतात आणि माणसं शर्टाची वरची बटणं लावून, केस नीट करून जातात. अमीनभाऊंनी तळेगावच्या एका दवाखान्यात छत्तीस वर्षं असे फोटो काढले. मावळातलं मोडलेलं बहुतेक हाड कधी ना कधी त्यांच्यासमोर आडवं झालेलं होतं.

माझी त्यांची ओळख झाली ती मुलाच्या बनियनमुळे. वराळ्यात नव्या इमारती उठल्या त्यातल्या एकीत, पाचव्या मजल्यावर, आम्ही राहायला आलो. खाली अगदी लागून अमीनभाऊंचं जुनं पत्र्याचं घर. वाळत घातलेलं बनियन उडून त्यांच्या अंगणात पडलं, ते आणायला मी गेले. दारात एक किडकिडीत, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या डाव्या खांद्याकडे पाहिलं.

“डावी कॉलरबोन,” ते म्हणाले. “स्कूटीवरनं पडला व्हता. नीट जुळली का?”

मी चक्रावले. पडले होते, पण त्याला वीस-बावीस वर्षं झाली होती.

“तुम्ही मला ओळखता?”

“तुमाला न्हाई वळखत, माफ करा. चेहरा फोटोत येत न्हाई.”

ही त्यांची खोड शेवटपर्यंत होती. लग्नाच्या मांडवात शेजारी बसले की हळूच सांगत, “तो पाटावर बसलाय ना नवरदेवाचा मामा, सुदुंबऱ्याचा उजवा घोटा. लय वंगाळ मोडला व्हता.” सुदुंबरं माझं माहेर. माझ्या माहेरची निम्मी माणसं मला नावांनी माहीत होती आणि त्यांना हाडांनी. दोघांच्या याद्या जुळवल्या की गाव पुरं व्हायचं.

दुसरी सवय जरा वेगळी होती. त्यांना काही विचारलं, भाजी कशी झाली, पाऊस पडेल का, सून कशी वाटली, की एकच उत्तर: “फोटो चांगला आलाय.” मला आधी वाटलं हा विनोद आहे. विनोद नव्हता. दवाखान्याचा नियम असतो. फोटो काढणाऱ्याने त्यात काय दिसतं ते रुग्णाला सांगायचं नाही. सांगायचं काम डॉक्टरचं, तेही सहीच्या कागदावर. हाडाचे तीन तुकडे दिसत असले आणि बाहेर आई रडत विचारत असली, “काय दिसतंय हो भाऊ?”, तरी म्हणायचं, फोटो चांगला आलाय.

एकदा त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचा छातीचा फोटो त्यांनीच काढला. ओला फोटो उजेडावर धरल्या धरल्या त्यांना कळलं. भावाने विचारलं, “काय रं?” अमीनभाऊ म्हणाले, “फोटो चांगला आलाय.” डॉक्टर दुपारी येणार होते. तोपर्यंत दोघे बाकावर बसून भाताच्या लावणीचं बोलत होते. चार तास.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि सांगून झाल्यावर म्हणाले, “छत्तीस वर्सं बघितलं मी, बाई. बोललो न्हाई कधीच. एकदा तरी आपन बघावं आन आपनच सांगावं, असं वाटतं.”

निवृत्त झाल्यावर दवाखान्याने त्यांना शाल-नारळ दिला आणि अडगळीत टाकलेला फोटो बघायचा डबा दिला. पांढऱ्या काचेचा, आत दिवा असलेला, भिंतीवर टांगायचा डबा. तो त्यांनी घरात टांगला. मग त्यावर लावायला फोटो हवेत. माणसांचे तर आता मिळेनात.

त्या सुमाराला त्यांनी पेपरात वाचलं की आपल्या देशाने वर पाठवलेल्या एका यानावर सूर्याचे क्ष-किरण मोजणारं उपकरण आहे आणि त्याने मोजलेलं सगळं कुणालाही फुकट बघायला मिळतं. “क्ष-किरन म्हंजे एक्स-रे. म्हंजे माझंच काम की हे,” ते म्हणाले. लेकीने जुना संगणक आणून दिला. तरुणपणी पुण्याला जाऊन घेतलेली बीएस्सीची पदवी ट्रंकेतून निघाली. आणि अमीनभाऊ रोज सकाळी नाश्ता झाला की सूर्याचे फोटो उतरवून घ्यायला लागले.

त्यांना काय हवं होतं ते मला त्यांच्या बायकोने, जुबेदावहिनींनी, आधी सांगितलं. भाकरी थापता थापता.

“सूर्याचा गोळा हाय ना, बाई, त्यो साडेपाच हजार डिग्री तापलाय म्हनं. आन त्याच्याभवती जी हवा हाय, लांबवर, ती धा लाख डिग्री. चुलीपासनं लांब जावं तसं जास्त भाजतं. मला आदी वाटलं ह्यांच्या डोक्यावर परिनाम झाला.”

“धा लाख न्हाई,” आतून आवाज आला. “धा लाख तर समद्यांना ठावं हाय. मी कोटभर शोधतोय.”

मग त्यांनी मला डब्यासमोर उभं करून समजावलं. सूर्याच्या बाहेरच्या वायूला प्रभामंडल म्हणतात. ते इतकं का तापतं, हे अजून पक्कं कळलेलं नाही. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की तिथे सतत बारीक बारीक स्फोट होत असतात, इतके बारीक की एकेकटा दिसतच नाही. आता ते खरं असेल, तर मोठा स्फोट चालू नसतानासुद्धा, सूर्यावरच्या काळ्या डागांच्या भागात कोटभर डिग्रीचा वायू अगदी किंचित का होईना सापडला पाहिजे. वीस गाड्या भातात चमचाभर मोहरी. ती सापडली तर बारीक स्फोट आहेत. नाही सापडली तर पंचाईत.

ती शोधायची कशी? क्ष-किरण दाण्यादाण्याने येतात. कमी ताकदीचे दाणे आलेखात डावीकडे, जास्त ताकदीचे उजवीकडे. साध्या गरम वायूचे दाणे डावीकडेच संपतात. अतिगरम वायूचे थोडे दाणे पार उजव्या टोकाला पोचतात. तिथे एक उंचवटा दिसला पाहिजे.

अमीनभाऊ हे आलेख पारदर्शक प्लास्टिकवर छापून घेत, डब्यावर लावत आणि एकावर एक ठेवून तासन्‌तास बघत. कुणी शास्त्रज्ञ असं करत नसेल. “हाडाला केसाएवढी चीर असली,” ते म्हणत, “तर पैल्या फोटोत दिसत न्हाई. डॉक्टर म्हंतो काई झालं न्हाई, जा घरी. मानूस दुखतंय दुखतंय म्हनत बसतो. तवा दहा दिवसांनी आनखी एक फोटो घ्यायचा. मग दिसती.” आणि लगेच पुढे: “पन मानसाला दुखतंय म्हनून फोटोत चीर काढायची न्हाई.”

हे शेवटचं वाक्य मी त्याच वेळी नीट ऐकायला हवं होतं. मी तेव्हा काचेत स्वतःचे केस बघत होते. नुकतेच काळे केले होते.

आता माझी कामगिरी. अमीनभाऊंना अशा वेळा निवडून हव्या होत्या, जेव्हा सूर्यावर डाग आहेत पण स्फोट नाही. कारण स्फोट झाला की कोटभर डिग्री काय, वाटेल तेवढी मिळते. त्यात शोध कसला? स्फोट वगळून उरलेल्या शांत वेळांचे दाणे एकत्र करायचे आणि उजवं टोक बघायचं. महिनोन्‌महिन्यांची, सेकंदासेकंदाची नोंद चाळून ‘शांत’ आणि ‘अशांत’ अशी वर्गवारी करायची. त्यांचे डोळे दुखत. मी म्हटलं, द्या इकडे. चाळीस चाळीस मुलांच्या वर्गाची वर्गवारी मी एका नजरेत करते.

पहिल्या दिवशी त्या नोंदी बघून माझं डोकं उठलं. आलेख कसला, करवतीचे दात. वर खाली, वर खाली. ही शिस्त नव्हे. म्हणून मी सातवीच्या पुस्तकातला उपाय केला. दर दहा मिनिटांची सरासरी काढली. काय सुंदर गुळगुळीत रेघ आली! पाटीवर काढावी तशी. तिच्यात मोठे स्फोट ठळक दिसत, बाकी सगळं शांत. मी भराभर ‘शांत’ लिहीत गेले आणि प्रत्येक पानाखाली सही ठोकत गेले.

दीड-दोन मिनिटांचा छोटा स्फोट दहा मिनिटांच्या सरासरीत विरघळून जातो, हे मला सुचलं नाही. वर्गाची सरासरी बरी आली की नापास झालेलं पोर दिसत नाही, हे तेहतीस वर्षं दर निकालाला बघूनसुद्धा सुचलं नाही.

अमीनभाऊंनी वह्या तपासल्या नाहीत. ते दवाखान्यातले होते. सहीचा कागद आला की त्यावर शंका घ्यायची नाही, हे त्यांचं छत्तीस वर्षांचं वळण. त्यांनी माझ्या शांत वेळा एकत्र केल्या, आलेख छापला, डब्यावर लावला आणि वहिनींना हाक मारली. मग मला पाचव्या मजल्यावरून बोलावलं. उजव्या टोकाला उंचवटा होता. चांगला, अंगठ्याएवढा.

मी म्हटलं, “काय दिसतंय, भाऊ?”

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाले, “खंडाळ्याला सांगीन.”

खंडाळ्याच्या एका हॉटेलात सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांची दोन दिवसांची बैठक भरणार होती. हौशी लोकांसाठी त्यात प्रत्येकी दहा मिनिटं ठेवली होती. अमीनभाऊंनी अर्ज केला, तो मंजूर झाला. ती दहा मिनिटं त्यांनी महिनाभर पाठ केली. आंब्याच्या झाडाखाली उभं राहून, कोंबड्यांसमोर. कोंबड्या शेवटी कंटाळून लांब गेल्या, पण ते थांबले नाहीत.

जायच्या दिवशी मी हिरवी पैठणी नेसले. सूर्याच्या बैठकीला पैठणी कशाला, असं सुनेने विचारलं. मी म्हटलं, शेवटी आभार मानतील तेव्हा लोक वळून बघतील ना. तिसऱ्या रांगेत बरोबर मधली खुर्ची धरली. बाहेर खंडाळ्याचं धुकं काचांना चिकटलं होतं. आत सगळी तरुण मंडळी, गळ्यात पट्टे, मांडीवर संगणक.

अमीनभाऊ इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. माईक दोन्ही हातांनी धरला, बाळ धरावं तसा. पहिली सात मिनिटं झकास गेली. आठव्या मिनिटाला त्यांनी उंचवट्याचा आलेख लावला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “मला हितं अतिगरम वायू दिसतोय.”

एवढंच वाक्य. ते म्हणताना त्यांचा आवाज कसा होता ते मला लिहिता येत नाही.

पुढच्या रांगेतल्या एका तरुण मुलीने हात वर केला. चष्मा, आखूड केस, बोलणं अगदी गोड. “सर, तुमच्या शांत वेळांची मूळ नोंद बघायला मिळेल? मिनिटामिनिटाची?”

अमीनभाऊंनी माझी गुळगुळीत रेघ दाखवली.

“ही सरासरी आहे का, सर? किती मिनिटांची?”

अमीनभाऊंनी रेघेकडे पाहिलं. पाठमोरे होते, तरी त्यांची मान मला दिसत होती. फोटो उजेडावर धरल्या धरल्या त्यांना कळायचं तसंच कळलं असणार.

“दहा,” ते म्हणाले.

“मग छोटे स्फोट त्यात लपले असतील ना?”

“व्हय,” अमीनभाऊ म्हणाले. “लपले असतील. म्हंजे हा उंचवटा त्यांचा बी असू शकतो. तवा मी आत्ता जे बोललो ते मागं घेतो. चूक माझी हाय. परत बघून सांगीन.”

या जागी मी उठायला हवं होतं. उठून म्हणायला हवं होतं की सरासरी मी काढली, सही माझी आहे, यांनी फक्त विश्वास ठेवला. वाक्य सोपं होतं. मी पैठणीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि बसून राहिले.

मग शेवटचं पान आलं. आभाराचं. त्यावर मोठ्या अक्षरात एकच नाव: माझं. आणि खाली लिहिलेलं, ‘शांत वेळांची निवड’. अमीनभाऊंनी इतक्या चपळाईने कळ दाबली की ती खालची ओळ कुणाला वाचता आली नसावी. “ह्या आमच्या बाई,” ते माझ्याकडे हात करून म्हणाले. “ह्यांनी इंग्रजी तपासून दिलं.”

लोकांनी वळून पाहिलं. टाळ्या वाजवल्या. आणि मी, तेहतीस वर्षं पोरांना प्रामाणिकपणावर व्याख्यानं देणारी मी, मान लववून टाळ्या घेतल्या.

परतताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत होते. कामशेत गेल्यावर अमीनभाऊ म्हणाले, “बाई, उद्यापासनं मिनिटामिनिटाचं बघायचं. निम्मं तुमी, निम्मं मी.” बस्स. त्यानंतर त्या विषयावर ना ते बोलले, ना मी.

आठ महिने लागले. करवतीचा एक एक दात बघायचा. त्यांनी डोळ्यांत औषध घालायचं, मी चष्मा बदलायचा, वहिनींनी मधून मधून चहा ठेवून म्हणायचं, “सूर्य पळून चालला न्हाई कुटं, जेवून घ्या.” सही मी एकाही पानावर केली नाही. छोटे स्फोट वगळत गेलो तसा उंचवटा बसत गेला. अंगठ्याचा करंगळीएवढा झाला, करंगळीचा नखाएवढा, आणि शेवटी इतका उरला की आहे म्हणावं तर पुरावा नाही, नाही म्हणावं तर धीर नाही.

मी म्हटलं, “थोडा तरी दिसतोय, भाऊ. असं लिहू या का?”

त्यांनी डब्याचा दिवा बंद केला, परत लावला, परत बघितलं. “दुखतंय तुमाला, बाई,” ते म्हणाले. “फोटोत न्हाई.”

मग त्यांनी चष्मेवाल्या मुलीला पत्र लिहिलं: शांत वेळी अतिगरम वायू असलाच, तर इतक्याहून जास्त नाही. खाली आकडा. मला ते हरल्यासारखं वाटलं. पण तिचं उत्तर आलं की हा आकडा तिच्या फार कामाचा आहे, कारण आता किती बारीक शोधायचं ते कळलं. आपल्या लेखात ती तो वापरणार आहे. अमीनभाऊंनी ते पत्र प्लास्टिकवर छापून डब्यावर लावलं. वहिनी म्हणाल्या, “हाड मोडलं न्हाई म्हनून पेढे वाटायचे का?” त्यांनी वाटले. आमच्या इमारतीत पाचही मजल्यांवर. लोकांनी विचारलं, काय सापडलं? ते म्हणायचे, “काई न्हाई सापडलं. पन नीट बघितलं.”

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तळेगावच्या त्याच दवाखान्यात. छातीचा फोटो काढायला नेलं होतं. यंत्र नवं होतं आणि ते चालवणारी मुलगीही नवी, दोन महिन्यांची असेल. दार अर्धवट उघडं होतं. अमीनभाऊ फळीला छाती टेकून उभे होते, पाठीची हाडं दिसत होती, मोजता येतील अशी. मुलगी गडबडलेली. ते तिला हळू आवाजात सांगत होते, “पोरी, फळी अंमळ वर घे. माझे खांदे कापले जातील.” तिने फळी वर घेतली. “आता बरोबर,” ते म्हणाले, आणि दार लागलं.

पंधरा दिवसांनी ते गेले.

चाळीस दिवस झाल्यावर मी खाली जुबेदावहिनींकडे गेले. सगळं सांगितलं. सरासरी, सही, पैठणी, टाळ्या. चूक माझी होती आणि त्यांच्या माथी गेली, आणि मी उठले नाही, हे सगळं. वहिनी गहू निवडत होत्या. माझं पुरतं बोलून होईपर्यंत त्या थांबल्या, आणि मग म्हणाल्या:

“मला ठावं हाय, बाई. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं त्यांनी. म्हनले, बरं झालं बाई उठल्या न्हाईत. उठल्या असत्या तर माईक त्यांच्याकडं गेला असता. जन्मात एकदा हातात आलता, चूक सांगायला का हुईना.”